सीएनजी बसमधली आग: ती कुठे पेटते, गॅसपर्यंत कशी पोचते आणि तिला कुठे अडवायचे

सीएनजी बसला आग लागली की पहिला संशय सिलेंडरवर जातो. तपासात मात्र बहुतेक वेळा वेगळेच निघते: टर्बोवर (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या भागावर) टपकणारे ऑइल, घासून उघडी पडलेली बॅटरीची केबल, न सुटलेला ब्रेक. डिझेल बस ज्या कारणांनी पेटते तीच ही कारणे. फरक पडतो तो पुढे, आग सिलेंडरपर्यंत पोचल्यावर. म्हणून तपासणीचा क्रमही तसाच हवा. आधी इंजिनचा कप्पा, वायरिंग आणि चाके, मग गॅसची लाइन, आणि नंतर सिलेंडर. प्रत्यक्षात अनेक वर्कशॉपमध्ये उलटे चालते. साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन मेकॅनिक छतावर चढतो आणि खाली इंजिनवर बोटभर तेलकट चिखल तसाच राहतो.

गॅसचा स्वभाव, कामापुरता

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, साधारण ०.६ पट. गळाला की वर जातो आणि वर जिथे झाकण असेल तिथे साठतो: छतावरच्या सिलेंडरचे कव्हर, इंजिनच्या कप्प्याची वरची बाजू, शेडच्या छपराचे कोपरे. हवेत ५ ते १५ टक्के मिसळला तरच तो पेटतो. त्याहून कमी किंवा जास्त असला तर नाही. पण गळतीच्या जागेपासून थोडे दूर गेले की मधे कुठेतरी हे प्रमाण जमतेच, त्यामुळे 'जास्त गॅस आहे म्हणजे पेटणार नाही' या हिशोबावर कुणी विसंबू नये.

आपोआप पेट घ्यायला त्याला ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. डिझेलला सव्वादोनशेच्या आसपास पुरते. याचा अर्थ, नुसत्या तापलेल्या पृष्ठभागावर गॅसपेक्षा ऑइल आणि डिझेल आधी पेटतात. ठिणगीचे गणित मात्र उलटे आहे. योग्य प्रमाणात मिसळलेल्या मिथेनला ०.३ मिलिज्यूलइतकी क्षुल्लक ठिणगीही पुरते. रिलेचा संपर्क किंवा कपड्यांतली स्थिर वीज तेवढी सहज देते.

सीएनजीला वास मुद्दाम घातलेला असतो. हवेत एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या पाचव्या हिश्श्यावर, तो नाकाला कळावा असा त्यामागचा हिशोब. पण दिवसभर त्याच वासात काम करणाऱ्याचे नाक बधिर होते, म्हणून वर्कशॉपमध्ये मिथेनसाठी कॅलिब्रेट केलेला डिटेक्टरच हवा. बस एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी असेल तर नाकाचा उपयोगच नाही. उणे १६२ अंशांवरच्या द्रवात वासाचे रसायन टिकत नाही, आणि नुकतीच सुटलेली थंड वाफ हवेपेक्षा जड असल्याने आधी खाली, पिटमध्ये उतरते. सीएनजीचा डिटेक्टर वर लावायचा. एलएनजीसाठी वर आणि खाली, दोन्हीकडे.

इंजिनचा कप्पा: इथे वेळ घालवा

गॅसवर चालणाऱ्या इंजिनाचा धूर त्याच ताकदीच्या डिझेल इंजिनापेक्षा अधिक तापलेला असतो. टर्बोचे टर्बाइनकडचे कवच, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांचे तापमान भर चढावर ६०० अंशांच्या घरात जाऊ शकते. मागच्या बाजूला, बंद कप्प्यात, वारा जेमतेम पोचतो अशा ठिकाणी हे सगळे बसवलेले असते. तिथे ऑइलचा एक बारीक फवारा पुरेसा होतो.

ऑइल कुठून येते ते ठरलेले आहे. टर्बोला ऑइल देणारी आणि परत नेणारी नळी, रॉकर कव्हरचे गॅस्केट, हवेच्या कॉम्प्रेसरची तापलेली डिलिव्हरी नळी, स्टिअरिंगच्या किंवा हायड्रॉलिक फॅनच्या होजचा क्रिम्प, म्हणजे टोकाचा दाबून बसवलेला जोड. टॉर्च लावून ही ठिकाणे एकेक करून पाहा. ओलसर काळा डाग दिसला की 'थोडे पाझरतेच' म्हणून सोडू नका. कप्पा धुऊन कोरडा करा, बस अर्धा तास चालवा आणि पुन्हा पाहा. स्वच्छ इंजिनावर गळती कुठून सुरू होते ते लगेच सापडते, घाणीवर कधीच सापडत नाही. कप्पा नियमित धुण्याचे निम्मे कारण हेच आहे.

एक्झॉस्टवर गुंडाळलेल्या उष्णतारोधक आवरणाकडे फारसे कुणी पाहत नाही. त्यात ऑइल मुरले की ते दिव्याच्या वातीसारखे काम करते. ऑइल तंतूंत पसरते, आतल्या आत हळूहळू तापत राहते आणि उघड्या पृष्ठभागावर पेटले नसते अशा तापमानालाही पेट घेते. बस डेपोत येऊन इंजिन बंद झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी धूर निघू लागतो तो अनेकदा याच्यामुळे, कारण पंखा थांबतो आणि उष्णता तिथेच कोंडते. ऑइल लागलेले आवरण पुसून परत लावायचे नसते, फेकून नवे घालायचे असते. पत्र्याचा हीट शील्ड गायब असेल तर तो बसवल्याशिवाय बस बाहेर पाठवू नये.

मिसफायर हा गॅस इंजिनाचा खास रोग. स्पार्क प्लगचा गॅप वाढला, कॉइलचे रबर बूट चिरले किंवा त्यात पाणी शिरले, की इंजिनच्या एका सिलिंडरमधला गॅस न जळता एक्झॉस्टमध्ये जातो आणि कन्व्हर्टरमध्ये जळतो. कन्व्हर्टर लाल होतो, शेजारची वायर आणि रंग वितळतात. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, बस धक्के देत असेल, सायलेन्सरमधून फटफट आवाज येत असेल, तर फेरी पूर्ण करण्याचा विचार सोडून द्यावा. कप्पा धुताना प्रेशरचा फवारा कॉइल, कनेक्टर आणि ऑल्टरनेटरवर थेट मारू नका. धुण्याने आलेला मिसफायर हा प्रकार वर्कशॉपमध्ये नवा नाही.

मग वायरिंग. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत आणि ऑल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाणाऱ्या जाड केबल सर्वांत धोक्याच्या, कारण अनेक बसमध्ये त्या वाटेत फ्यूज नसतो. ही केबल चेसिसच्या भोकातून जाते तिथली ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेची रबरी कडी, बघा. सुरुवातीला ग्रोमेट भोकातून एका बाजूला सरकते. मग केबलचे काळे कवच पत्र्याच्या कडेवर घासून तुकतुकीत होते. नंतर त्या चकाकत्या पट्ट्यात एक बारीक चीर पडते आणि आतले तांबे हिरवट दिसू लागते. एवढे दिसले म्हणजे पुढच्या मोठ्या खड्ड्यात केबल चेसिसला टेकणार आणि शेकडो अँपिअर वाहणार. टेप गुंडाळून हे काम होत नाही. केबल बदला, ग्रोमेट नवी घाला आणि दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावा म्हणजे ती पुन्हा हलणार नाही. गॅसची नळी आणि विजेची वायर एकाच क्लिपमध्ये कधीही बांधू नका. नंतर बसवलेले जाहिरातीचे पडदे, कॅमेरे, जादा दिवे यांच्या वायरी कुठून ओढल्या आहेत तेही पाहा. कंपनीच्या हार्नेसपेक्षा दोष इथेच अधिक सापडतो. फ्यूज उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणे म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणे.

प्रवाशांचा भाग आणि इंजिन यांच्यामधल्या भिंतीत वायरी आणि नळ्या जाण्यासाठी भोके असतात. दुरुस्तीनंतर त्यांचे सील परत बसवले जात नाहीत. आग लागल्यावर धूर तिथूनच आत येतो आणि माणसांना मारतो तो ज्वाळांपेक्षा आधी धूरच. अग्निरोधक सीलंटने ती भोके बंद करा.

चाके

अर्धवट सुटलेला ब्रेक ड्रम तापवतो, हबमधले ग्रीस वितळून पेटते, मग टायर. फ्लोअरखाली सिलेंडर असलेल्या बसमध्ये मागच्या चाकाची कमान आणि सिलेंडर यांत फारसे अंतर नसते. फेरी संपल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही कोपऱ्यांतले हब मोजा. आकडा किती यापेक्षा डाव्या-उजव्या बाजूंत किती फरक आहे ते महत्त्वाचे. एक बाजू ठळकपणे तापलेली असेल तर अ‍ॅडजस्टर, रिटर्न स्प्रिंग आणि ब्रेक चेंबर उघडून पाहा. सकाळी हवेचा दाब पूर्ण भरण्याआधी बस हलवली तर स्प्रिंग ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि बस तसाच ब्रेक ओढत चालते.

जोडचाकांत आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरून कळत नाही. बाहेरचा टायर भार घेतो आणि आतला दुमडत, घासत तापत राहतो. टायरची आग पावडरने विझल्यासारखी दिसते आणि काही मिनिटांत परत उठते, कारण रबराच्या पोटातली उष्णता गेलेली नसते. तिला भरपूर पाणी लागते.

गॅसची लाइन

भरण्याच्या तोंडापासून इंजिनापर्यंतची वाट डोक्यात पक्की असावी: फिलिंग रिसेप्टॅकल, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, सिलेंडरचे व्हॉल्व्ह, पाव फेरीत बंद होणारा हाताचा मुख्य व्हॉल्व्ह, फिल्टर, रेग्युलेटर, विजेवर चालणारा लॉक-ऑफ सोलेनॉइड आणि पुढे इंजेक्टर. रेग्युलेटरच्या आधी २०० बार, नंतर इंजिनप्रमाणे १० बारच्या आसपास. १२० लिटर पाण्याच्या क्षमतेच्या सिलेंडरमध्ये या दाबाला साधारण २० किलो गॅस मावतो. असे सहा सिलेंडर असतील तर बस सव्वाशे किलोच्या जवळपास मिथेन घेऊन फिरते.

गळती तपासायची पद्धत अशी:

१. बस उघड्यावर किंवा छपराचे वारे खुले असलेल्या शेडमध्ये उभी करा. लाइनमध्ये पूर्ण किंवा जवळपास पूर्ण दाब हवा. रिकाम्या सिलेंडरवर केलेली तपासणी कागदावरच राहते.

२. आधी डिटेक्टर फिरवा, साबण नंतर. डिटेक्टर प्रत्येक जोडाच्या वर धरा, खाली नाही. कव्हर उघडण्याआधी त्याच्या फटीत डिटेक्टरचे टोक घालून घ्या, म्हणजे आत साठलेला गॅस कळतो. कव्हर उघडले की तो निघून जातो.

३. संशय येईल तिथे साबणाचे पाणी. अमोनिया असलेला क्लीनर वापरू नका, त्याने पितळी फिटिंगला तडे जातात. लावल्यावर दोन-तीन मिनिटे थांबा. बारीक गळतीत मोठा फुगा येत नाही. नटाच्या कडेला पांढरा दाट फेस हळूहळू जमतो. मोठ्या गळतीत फेसही टिकत नाही, पाणी उडून जाते आणि जागा कोरडी दिसते. हाताने चाचपू नका. २०० बारची झोत कातडीत शिरू शकते.

४. लो-प्रेशरची बाजू इंजिन आयडलला चालू असताना तपासा. इंजिन बंद झाले की सोलेनॉइड बंद होतो आणि त्या बाजूला दाबच उरत नाही.

५. गळती सापडली की खूण करा. सिलेंडरचे व्हॉल्व्ह बंद करा, इंजिन चालू ठेवून ते आपोआप बंद पडेपर्यंत लाइनमधला गॅस जळू द्या, गेज शून्यावर आल्याची खात्री करा आणि मगच पाना लावा. दाबाखाली नट आवळणे हा या कामातला सर्वांत जुना आणि सर्वांत वाईट शॉर्टकट आहे. फेरूल (नळीला जोडात घट्ट धरणारी धातूची कडी) सरकली तर नळी गोळीसारखी सुटते.

दुहेरी फेरूलच्या फिटिंगला, ६ मिमी आणि त्यावरच्या नळीसाठी, पहिल्या वेळी हाताने घट्ट केल्यापासून सव्वा फेरी लागते. उघडून परत बसवताना आधी नट आणि बॉडीवर एकत्र रेघ मारून ठेवा. नट त्या रेघेपर्यंत आणा, मग किंचित आवळा. पुन्हा सव्वा फेरी देऊ नका, नळी चेपते. एका कंपनीची फेरूल दुसऱ्या कंपनीच्या बॉडीत वापरू नका. दिसायला सारख्या असल्या तरी कोन वेगळे असतात.

रात्रभर उभ्या बसचा दाब उतरला म्हणून लगेच गळती समजू नका. संध्याकाळपेक्षा पहाटे १५ अंशांनी गार असेल तर २०० बारवरून १० बारहून जास्त घट नुसत्या गारव्याने होते. दाबासोबत तापमानही लिहा, मग तुलना करा.

एखाद्या जोडावर किंवा रेग्युलेटरवर दव गोठलेले दिसले तर थांबा. जोडावरचा बर्फ म्हणजे गळती. रेग्युलेटरवरचा बर्फ म्हणजे त्याला गरम ठेवणारे कूलंट फिरत नाही: पातळी कमी आहे, नळी दुमडली आहे किंवा हवा अडकली आहे. गोठलेल्या रेग्युलेटरचा डायफ्राम ताठ होऊन फाटतो, आणि मग लो-प्रेशरच्या नळ्यांवर त्यांनी कधी सोसायचा नसलेला दाब येतो. फिल्टरच्या तळाशी कॉम्प्रेसरचे ऑइल जमते, ते ठरलेल्या अंतराने काढत राहा.

गॅस भरताना इंजिन बंद, मुख्य स्विच बंद, प्रवासी खाली. रिसेप्टॅकलमधली ओ-रिंग रोज पाहण्याची वस्तू आहे. चिरलेली ओ-रिंग शिट्टीसारखा आवाज करते. धुळीची टोपी परत लावा, नाहीतर खडीचा कण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडा ठेवतो. नोझल सुटल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बस सुरू करू नये.

सिलेंडर आणि त्यांचे पट्टे

सिलेंडर चार प्रकारचे: टाइप-१ संपूर्ण पोलादी, टाइप-२ मधल्या भागाला तंतूंचा वेढा असलेला, टाइप-३ अ‍ॅल्युमिनियमच्या अस्तरावर पूर्ण वेढा, टाइप-४ प्लॅस्टिकच्या अस्तरावर पूर्ण वेढा. कुठला आहे ते लेबलवर असते. लेबल वाचता येत नसेल तर तो सिलेंडर वापरात ठेवता येत नाही, कारण त्याची मुदत आणि चाचणीची तारीख सिद्ध करता येत नाही. मुदत संपली म्हणजे संपली, बाहेरून कितीही चकचकीत दिसो.

पोलादी सिलेंडरला गंजाची भीती, विशेषतः पट्ट्याखाली जिथे ओल साचते. तंतूंच्या सिलेंडरला ओरखडे, आदळ आणि आम्ल. बॅटरीचे आम्ल काचतंतूंना ताणाखाली गुपचूप खाते आणि सिलेंडर आधी काहीही न दाखवता फुटू शकतो. बॅटरीच्या खाली किंवा शेजारी असा सिलेंडर असेल तर बॅटरीचा ट्रे बंदिस्तच हवा. ओरखड्याची खोली मोजा, डोळ्यांनी अंदाज घेऊ नका. पाव मिलिमीटरच्या आतले ओरखडे सहसा चालतात, सव्वा मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर सिलेंडर बाद. मधल्या खोलीसाठी निर्मात्याचा तक्ता पाहावा लागतो. आदळलेल्या टाइप-४ सिलेंडरवर कधीकधी फक्त पांढुरका डाग दिसतो आणि आत थर सुटलेले असतात. तो जाणकाराकडून तपासून घ्या.

पट्टा आणि सिलेंडर यांच्यात रबर हवे, धातूला धातू लागता कामा नये. संयुक्त राष्ट्रांच्या आर११० नियमावलीनुसार मोठ्या बसमध्ये भरलेल्या सिलेंडरची पकड प्रवासाच्या दिशेने ६.६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ६.६ पट) आणि आडव्या दिशेने ५ जी सोसणारी लागते. सैल बोल्टवर ती उरत नाही. टॉर्क रेंच वापरा आणि बोल्टवर रंगाची रेघ मारा, म्हणजे फिरला तर नजरेत भरेल.

पीआरडी: छोटा भाग, सगळे काही त्याच्यावर

सिलेंडरवर प्रेशर रिलीफ डिव्हाइस, म्हणजे पीआरडी असते. नावात प्रेशर असले तरी ते मुख्यतः उष्णतेवर उघडते. ११० अंशांच्या आसपास त्यातला मिश्रधातू वितळतो किंवा काचेची नळी फुटते आणि सगळा गॅस ठरलेल्या नळीतून बाहेर जातो. दाबावर भरवसा का नाही? अर्धा रिकामा सिलेंडर आगीत सापडला तर आतला दाब धोक्याच्या पातळीला पोचण्याआधीच भिंत कमजोर होते. तंतूंचा वेढा उष्णता आत जाऊ देत नाही, त्यामुळे दाब आणखी सावकाश चढतो आणि बाहेरचे तंतू मात्र जळत असतात. म्हणून उष्णता ओळखणारे साधन लागते. ते थेट सिलेंडरशी जोडलेले असते, हाताचा व्हॉल्व्ह बंद असला तरी काम करते.

त्याची कमजोरी एकच. आग पीआरडीपाशी पोचायला हवी. सिलेंडर दोन मीटर लांब, पीआरडी एका टोकाला आणि टायरची आग दुसऱ्या टोकाला असेल, तर पीआरडी गार राहते आणि सिलेंडर फुटतो. म्हणून लांब सिलेंडरला दोन्ही टोकांना पीआरडी असते. त्यांतली एक काढून साधा प्लग बसवलेला दिसला तर ती बस रस्त्यावर जाता कामा नये. हे घडते: पीआरडी पाझरू लागते, सुटा भाग हाताशी नसतो आणि बोल्ट ठोकला जातो.

तपासणीत पीआरडीच्या तोंडाशी मिश्रधातू बाहेर सरकलेला दिसतो का ते पाहा. दिसला तर ती बदला. गॅस बाहेर नेणारी नळी पूर्ण मोकळी हवी. तिच्या टोकाची टोपी जागेवर, पण नुसत्या धक्क्याने निघणारी असावी. ही नळी रंगकामात बुजते, चिखलाने बुजते, गांधीलमाशीच्या घराने बुजते. टोपी नसेल तर पाणी शिरते आणि थंडीत गोठून नळी बंद होते.

नळीचे तोंड कुठे वळले आहे त्यावर शेजारच्यांचे नशीब ठरते. २०१२ साली नेदरलँड्समधल्या वासेनार इथे पेटलेल्या सीएनजी बसमधून गॅस आडवा सुटला आणि ज्वाळा १५ ते २० मीटर लांब गेल्या. बस वेळीच रिकामी झाली होती, म्हणून कुणी जखमी झाले नाही. छतावर सिलेंडर असतील तर नळ्या आकाशाकडे असाव्यात आणि चालकाला बसची खरी उंची माहीत असावी, सिलेंडरच्या कव्हरसह. २०१९ मध्ये स्टॉकहोमच्या क्लारा बोगद्याच्या तोंडाशी एक गॅस बस उंचीच्या अडथळ्याला धडकली, छतावरच्या टाक्यांना मार बसला आणि ती पेटली.

रंगाच्या भट्टीत बस नेण्याआधी लक्षात घ्या की सिलेंडर साधारण ८२ अंशांपर्यंतच्या वापरासाठी बनवलेले असतात. भट्टी त्याहून गरम करायची असेल तर सिलेंडर उतरवा. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) सोडवा, लाइन रिकामी करा, अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लावा. चिमटा दूर लावला तर करंट गॅसच्या नळीतून किंवा सिलेंडरच्या पट्ट्यातून वाट काढतो. सिलेंडरवर आर्कचा एक ठिपका पडला तरी तो बाद.

सूचना देणारी आणि विझवणारी यंत्रणा

इंजिन चालकाच्या मागे असलेल्या बसमध्ये कप्प्यातली जादा उष्णता चालकाला कळवणारी यंत्रणा हवी, असे संयुक्त राष्ट्रांचीच आर१०७ नियमावली सांगते. अनेक बसमध्ये आपोआप विझवणारी यंत्रणाही असते. तिचे नोझल टर्बो, ऑल्टरनेटर आणि इंजिनच्या खालच्या बाजूकडे रोखलेले राहतात का ते दर सर्व्हिसला बघा, कारण काम करताना ते वाकवले जातात आणि तसेच राहतात. गेज हिरव्यात आहे एवढ्यावर थांबू नका. हातातल्या ६ किलोच्या एबीसी पावडर अग्निशामकाचेही तेच. बसच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते. महिन्यातून एकदा तो उलटा करून हलवा. वापरताना तो पंधरा-वीस सेकंदांत संपतो, तेव्हा आधी पिन काढून मग आगीकडे जा.

चालक आणि वाहकाने करायचे

१. धूर, जळका वास, इंजिनचा लाल दिवा किंवा ताकद अचानक कमी झाली तर लगेच कडेला घ्या. बोगदा, पूल, पंप, विजेच्या तारा, झाडी यांच्यापासून शक्य तितके दूर. बोगद्यात असाल आणि बस चालत असेल तर बाहेर काढा.

२. हँडब्रेक, इंजिन बंद, दरवाजे उघडा. हवेचा दाब गेला तर दरवाजा उघडणारा आपत्कालीन व्हॉल्व्ह कुठे आहे ते अंधारातही सापडले पाहिजे.

३. मुख्य विद्युत स्विच बंद. इंजिन बंद होताच सोलेनॉइड गॅस तोडतो.

४. प्रवाशांना पुढच्या दाराने बाहेर काढा आणि आगीपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, किमान १०० मीटरवर न्या. सामान आत राहू द्या. बसच्या कुशीला किंवा मागे कुणी उभे राहू नये.

५. ज्वाळा पोचलेल्या नसतील आणि हात पोचत असेल तरच हाताचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा.

६. आग लहान आणि इंजिनापुरती असेल तर विझवून पाहा. झाकण पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. फटीतून किंवा जाळीतून पावडर मारा. एक अग्निशामक संपला आणि आग आटोक्यात आली नाही तर मागे फिरा.

७. फोनवर पहिल्या वाक्यात सांगा: सीएनजी बस आहे, सिलेंडर इतके, छतावर किंवा खाली.

पेटलेल्या गॅसची झोत विझवायचा प्रयत्न करू नका, जोवर मागचा पुरवठा बंद करता येत नाही. ज्वाळा विझली आणि गळती चालू राहिली तर न जळलेला गॅस साठतो आणि पुढच्या ठिणगीला एकदम पेटतो. पाणी मारणाऱ्यांसाठीही एक बाब: पीआरडीवर पाण्याची धार धरू नये. सिलेंडरचा बाकी भाग जळत असताना पीआरडी गार ठेवली तर ती उघडणार नाही. पीआरडी उघडल्यावर मोठा घोंगावणारा आवाज येतो, लांब ज्वाळा दिसते. भीतीदायक असते ते, पण यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालली आहे. काही मिनिटांत तो सिलेंडर रिकामा होतो. शेजारचे सिलेंडर एकामागून एक, मधे खंड पडून सुटू शकतात, त्यामुळे आवाज थांबला म्हणून पुढे जाऊ नये.

आग विझल्यानंतर

जळालेली बस लगेच ओढून नेऊ नका. काही सिलेंडरमध्ये दाब उरलेला असू शकतो आणि जळालेल्या गेजवरचा शून्य खरा नसतो. प्रत्येक सिलेंडरची पीआरडी उघडली आहे का ते एकेक करून पाहा. उघडलेली नसेल त्यात गॅस आहे असेच धरा. गॅस काढायचे काम प्रशिक्षित माणसाने, बसला अर्थिंग जोडून आणि धातूच्या नळीतून उंचावर करावे. प्लॅस्टिकच्या नळीतून जोरात सुटणारा गॅस स्वतःच स्थिर वीज तयार करतो. ज्वाळा किंवा जबर उष्णता लागलेला सिलेंडर नुसता काळवंडलेला दिसला तरी वापरातून काढायचा. पूर्ण रिकामा करून, आतला मिथेन नायट्रोजनने हाकलून, भोक पाडून किंवा कापून तो निकामी करा आणि लेबलवरचा क्रमांक नोंदवहीत बाद लिहा, म्हणजे तो रंग मारून दुसऱ्या बसखाली परत येणार नाही.